न संपणारं पान स्क्रिप्टने स्क्रोल करताना: उंची नको, नोंदी मोजा

खाली जाल तसं भरत जाणारं पान स्क्रिप्टने स्क्रोल कसं करायचं हे शोधलं, की जवळपास सगळीकडे तेच सहा-सात ओळींचं उत्तर मिळतं. पानाची उंची वाचा, तळाला उडी मारा, दोन सेकंद थांबा, उंची पुन्हा वाचा. वाढली असेल तर परत तेच करा, तेवढीच असेल तर काम संपलं. ही स्क्रिप्ट चालते आणि तोच तिचा धोका आहे, कारण ती कधी एरर देत नाही. पानात ८०० नोंदी आहेत आणि ३४० वर नेटवर्क जरा मंदावलं, तर ती ३४० नोंदी घेऊन काम फत्ते झाल्यासारखी बाहेर पडते. फाइल तयार होते, आकडाही बरा दिसतो. उरलेल्या ४६० नोंदी राहून गेल्या याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

स्क्रोल करणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. नवीन नोंदी खरंच आल्या का? आल्या नसतील तर पान संपलं की अडकलं? मधल्या काही निसटल्या तर नाहीत ना? ही तीन उत्तरं स्क्रिप्टला देता आली पाहिजेत, आणि पुढचं सगळं त्यासाठीच आहे. उल्लेख प्लेराइट, पपेटिअर आणि सेलेनियम या ब्राउझर स्क्रिप्टने चालवणाऱ्या साधनांचे येतील. तिन्हींतली नावं वेगळी असली तरी अडचणी त्याच आहेत, कारण त्या मुळात ब्राउझरच्या वागण्यातून येतात.

कोड लिहिण्याआधी दहा मिनिटं हाताने स्क्रोल करा

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, फेच आणि एक्सएचआरचा (म्हणजे पान मागून घेत असलेल्या माहितीचा) फिल्टर लावा आणि पान हळूहळू खाली न्या. नवा गठ्ठा आला की यादीत एक रिक्वेस्ट उमटते. तीन गोष्टी टिपून ठेवा: एका गठ्ठ्यात किती नोंदी येतात, रिस्पॉन्स यायला किती वेळ लागतो, आणि पुढचा गठ्ठा कशाच्या आधारे मागितला जातो. पान क्रमांक, ऑफसेट (कितव्या नोंदीपासून पुढे) आणि कर्सर (कुठवर आलो याची खूण) हे तीन प्रकार नेहमी दिसतात. त्याच यादीतल्या इनिशिएटर रकान्यावर माउस नेला की ती रिक्वेस्ट कोणत्या फंक्शनमधून निघाली तेही कळतं.

जुनी पानं स्क्रोल इव्हेंट, म्हणजे जागा बदलल्याची ब्राउझरची सूचना, ऐकतात आणि तळापासून किती पिक्सेल उरले याचं गणित करतात. नवी पानं बहुधा इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर वापरतात. क्रोममध्ये तो २०१६ साली आला. यात यादीच्या तळाशी एक रिकामा, जेमतेम उंचीचा घटक ठेवलेला असतो. त्याला आपण पहारेकरी म्हणू. तो दिसण्याच्या टप्प्यात आला की पुढचा गठ्ठा मागवला जातो. टप्पा किती आधी सुरू होतो हे रूट मार्जिन ठरवतं. २०० पिक्सेल दिलेलं असेल तर पहारेकरी प्रत्यक्ष दिसण्याआधीच, २०० पिक्सेल अंतरावर असताना, मागणी जाते. तिसरा प्रकार म्हणजे दोन-तीन गठ्ठे आपोआप येऊन मग 'आणखी दाखवा' असं बटण येणं. हा प्रकार पाच सेकंद स्क्रोल करून लक्षात येत नाही, म्हणून दहा मिनिटं.

रिस्पॉन्समध्ये व्यवस्थित जेसन, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी मांडलेली माहिती, दिसत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: स्क्रोल ब्राउझरकडून करून घ्या, पण माहिती पानावरून खरवडू नका, रिस्पॉन्समधून उचला. प्लेराइट आणि पपेटिअर दोन्हींत पानाच्या 'रिस्पॉन्स' घटनेवर कान लावता येतो. पानावर 'दोन तासांपूर्वी' असं लिहिलेलं असतं तिथे जेसनमध्ये अनेकदा पूर्ण तारीख-वेळ असते. पानावर मजकूर 'अजून वाचा'पाशी तुटतो, जेसनमध्ये बहुधा अख्खा असतो. शिवाय प्रत्येक नोंदीचा आयडी तयार मिळतो.

यात दोन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे ऐकणारा कोड पान उघडल्यानंतर जोडणं. तोपर्यंत सुरुवातीचे रिस्पॉन्स येऊन गेलेले असतात. तो पान उघडण्याच्या आधीच जोडायचा आणि रिस्पॉन्सचा मजकूर लगेच वाचून घ्यायचा, कारण पान दुसरीकडे गेलं की तो मिळेलच असं नाही. दुसरी चूक जास्त लपलेली आहे. पहिला गठ्ठा कित्येकदा वेगळ्या रिक्वेस्टने येतच नाही. सर्व्हर तो एचटीएमएलमध्येच, कधी एखाद्या स्क्रिप्ट टॅगमध्ये जेसन म्हणून, भरून पाठवतो. मग तुमच्या फाइलमध्ये २१व्या नोंदीपासून पुढचं सगळं असतं आणि पहिल्या २० गायब असतात. फाइलमधली पहिली नोंद आणि पानावरची पहिली नोंद एकच आहे का, एवढं पाहिलं तरी हे पकडता येतं.

सरकतंय नक्की काय?

विंडोला स्क्रोल करायला सांगितलं आणि काहीच हललं नाही, तर बहुधा पान सरकतच नसतं. पानाच्या आतला एखादा डबा सरकत असतो. डाव्या बाजूला मेन्यू, मध्ये यादी आणि उजवीकडे तपशील अशी मांडणी असली की हे हमखास असतं. कन्सोलमध्ये सगळ्या घटकांवरून एक लूप फिरवा आणि दोन अटी तपासा: स्क्रोलहाइट (आतल्या मजकुराची पूर्ण उंची) ही क्लायंटहाइटपेक्षा (दिसणाऱ्या भागाच्या उंचीपेक्षा) जास्त आहे का, आणि कम्प्युटेड स्टाइलमध्ये ओव्हरफ्लो-वाय 'ऑटो' किंवा 'स्क्रोल' आहे का. दोन्ही अटींत बसणारे दोन-चार घटकच उरतात. त्यातला यादीचा कोणता ते डोळ्यांनी कळतं. डबा नसेल आणि खरोखर पानच सरकत असेल, तर बॉडी की एचटीएमएल या वादात पडू नका. डॉक्युमेंटचं स्क्रोलिंगएलिमेंट विचारा, ते योग्य घटक देतं.

यावर एक सोपी पळवाटही आहे, आणि ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. यादीतली शेवटची नोंद धरा आणि तिलाच 'स्क्रोलइंटूव्ह्यू' म्हणा. ती नोंद दिसावी म्हणून तिच्या बाहेरचे जे जे डबे सरकवावे लागतील ते ब्राउझर स्वतः सरकवतो. कोणता डबा हा प्रश्नच उरत नाही.

माउसचं चाक फिरवून स्क्रोल करायचं असेल, तर पॉइंटर कुठे आहे ते महत्त्वाचं. प्लेराइटमध्ये माउस सुरुवातीला शून्य-शून्यवर, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. तिथे मेन्यू असेल तर चाकाची घटना मेन्यूला मिळते आणि यादी जागची हलत नाही. आधी माउस यादीच्या मध्यावर न्या, मग चाक फिरवा. शिवाय चाक फिरवण्याची आज्ञा स्क्रोल पूर्ण होईपर्यंत थांबत नाही, लगेच परत येते. तिच्या पुढच्याच ओळीत जागा वाचली तर जुनाच आकडा मिळू शकतो. सेलेनियम ४ मध्येही चाकाच्या क्रिया आहेत. त्याआधी जावास्क्रिप्ट चालवूनच स्क्रोल करावं लागे.

कुकीच्या संमतीची खिडकी उघडी असेल तर कित्येक साइट्स मागच्या पानाचं स्क्रोल बंद ठेवतात. ती आधी बंद करा. आणि साइटच्या सीएसएसमध्ये 'स्क्रोल-बिहेवियर: स्मूथ' असेल, तर तुमची उडी ही उडी न राहता सावकाश सरकणं होतं; तळाला पोचण्याआधीच स्क्रिप्ट पुढे गेलेली असते. स्क्रोलची आज्ञा देताना बिहेवियर 'इन्स्टंट' द्या.

उडी की पावलं

थेट तळाला उडी मारणं जलद आहे. साध्या यादीला ते चालतं. पण मधल्या भागातल्या लेझी लोडिंगच्या, म्हणजे दिसायला आल्यावरच उतरणाऱ्या, चित्रांना दिसण्याची संधीच मिळत नाही, आणि चित्राचा खरा पत्ता हवा असेल तर तिथे तात्पुरती राखाडी चौकट हाती लागते. पावलापावलाने जायचं असेल तर एक पाऊल डब्याच्या दिसणाऱ्या उंचीच्या सत्तर-ऐंशी टक्के ठेवा. वीस-तीस टक्के भाग पुन्हा दिसतो तो वाया जात नाही, दोन पावलांच्या सांध्यातली नोंद त्यामुळे सुटत नाही.

खिडकीचा आकार स्वतः ठरवा. पपेटिअर काही न सांगता ८०० बाय ६०० घेतं, प्लेराइट १२८० बाय ७२०. आठशे रुंदीला काही साइट्स वेगळी मांडणी देतात आणि सिलेक्टर, म्हणजे पानावरचा घटक शोधायच्या खुणा, चुकतात. उंची वाढवून १५०० केली तर पावलं कमी होतात, पण म्हणून ५००० करू नका. पहिला गठ्ठा खिडकीत पूर्ण मावला तर स्क्रोलबारच येत नाही, आणि स्क्रोल इव्हेंटवर चालणारं जुनं पान पुढचा गठ्ठा कधीच मागत नाही.

थांबायचं कशावर

उंचीचा भरवसा का धरू नये ते आधी बघू. गठ्ठा मागवल्याबरोबर पान येणाऱ्या नोंदींच्या जागी राखाडी सांगाडे दाखवतं. उंची वाढते, नोंद एकही आलेली नसते. गठ्ठा आला की फिरतं चक्र काढलं जातं आणि उंची थोडी कमी होते. वर कुठेतरी एखादं चित्र उतरलं की उंची पुन्हा वाढते. सीएसएसमधलं 'कंटेंट-व्हिजिबिलिटी: ऑटो' वापरलेलं असेल, तर न दिसणाऱ्या भागाची उंची ही निव्वळ अंदाजाची असते आणि तिथे पोचल्यावर बदलते. म्हणजे नोंदी न येता उंची वाढू शकते आणि नोंदी येऊनही ती तेवढीच राहू शकते.

समजा, प्रत्येक फेरीला स्क्रिप्टने एक ओळ लिहिली आणि ती अशी दिसली:

फेरी १६: उंची ३८,४२०, नोंदी ३२०
फेरी १७: उंची ४०,८००, नोंदी ३४०
फेरी १८: उंची ४१,५२०, नोंदी ३४०
फेरी १९: उंची ४०,८००, नोंदी ३४०
फेरी २०: उंची ४०,८००, नोंदी ३४०

अठराव्या फेरीत ७२० पिक्सेल वाढले ते सांगाड्यांचे. एकोणिसाव्यात ते गेले, नोंदी मात्र आल्या नाहीत. म्हणजे रिक्वेस्ट गेली होती आणि फसली. विसाव्या फेरीत उंची तेवढीच आहे म्हणून साधी स्क्रिप्ट 'संपलं' म्हणते. नोंदींचा रकाना वाचणाऱ्याला दिसतं की इथे पान संपलेलं नाही, अडकलेलं आहे. आणखी एक खूण आहे: गठ्ठा २०चा असेल आणि आकडा नेमका ३४० वर, म्हणजे २०च्या पटीत थांबला असेल, तर संशय घ्या. खरा शेवटचा गठ्ठा बहुधा अपुरा असतो. तो नेमका भरलेला निघणं शक्य आहे, पण वीसपैकी एखाद्या वेळी.

म्हणून वाट वेळेची नाही, मोजणीची बघायची. स्क्रोल करण्याआधी नोंदी मोजा, स्क्रोल करा, आणि 'आताची मोजणी आधीपेक्षा जास्त झाली का' ही अट दर २०० मिलिसेकंदांनी तपासत राहा. प्लेराइटमध्ये यासाठी 'वेट फॉर फंक्शन' आहे, सेलेनियममध्ये 'वेबड्रायव्हर वेट'. कमाल मर्यादा १५ सेकंद ठेवा. गठ्ठा ४०० मिलिसेकंदांत आला तर स्क्रिप्ट तितकीच थांबते, १२ सेकंद लागले तर तितकं थांबते. दोन सेकंदांची ठरावीक झोप जलद गठ्ठ्याला उगाच लांबते आणि संथ गठ्ठ्याला अपुरी पडते.

'नेटवर्क आयडल'वर विसंबू नका. ५०० मिलिसेकंद एकही जोडणी चालू नसणं, असा त्याचा अर्थ आहे. सतत काहीतरी पाठवत राहणारा अ‍ॅनालिटिक्सचा कोड पानावर असेल तर ती शांतता कधी येतच नाही. उलट गठ्ठ्याची रिक्वेस्ट निघायलाच उशीर झाला तर शांतता आधीच झालेली असते. प्लेराइटचे कर्तेसुद्धा ते वापरू नका असंच सांगतात.

१५ सेकंदांत मोजणी वाढली नाही तर लगेच थांबायचं नाही, धक्का द्यायचा. हा भाग बहुतेक स्क्रिप्टमध्ये नसतो, म्हणून जरा सविस्तर. तुम्ही आधीच तळाशी आहात. पुन्हा तळाला जा म्हटलं तर जागा बदलत नाही आणि जागा बदलली नाही तर स्क्रोल इव्हेंट सुटतच नाही. इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरचंही तेच: पहारेकरी 'दिसत नव्हता, आता दिसतोय' हा बदल तो कळवतो, पहारेकरी नुसता दिसत राहिला तर तो गप्प बसतो. एक रिक्वेस्ट फसली, नवीन नोंदी आल्या नाहीत, म्हणून पहारेकरी खाली ढकलला गेला नाही, म्हणून तो दिसतच राहिला, म्हणून पुढची रिक्वेस्ट कधी निघणारच नाही. पान अशा जागी कायमचं अडकतं. त्याला सोडवायचं तर दिसणाऱ्या उंचीएवढं वर जा, अर्धा सेकंद थांबा आणि पुन्हा खाली या. पहारेकरी नजरेआड होतो, परत येतो, बदल कळवला जातो, रिक्वेस्ट निघते. वर जाणं रूट मार्जिनपेक्षा जास्त हवं. ५० पिक्सेल वर जाऊन काही होत नाही.

असे तीन धक्के द्या, मधली विश्रांती २, ५ आणि १० सेकंद अशी वाढवत. तिन्ही वाया गेले तरच शेवट धरायचा, आणि तोही शक्य तिथे पुराव्यासह: शेवटच्या रिस्पॉन्समधला पुढचा कर्सर रिकामा आहे, किंवा 'इथे यादी संपली' असा मजकूर दिसतोय, किंवा पहारेकरी आणि फिरतं चक्र दोन्ही डॉममधून, म्हणजे ब्राउझरने ठेवलेल्या पानाच्या घटकांच्या रचनेतून, गेलेत. यातलं काहीच नसेल तर स्क्रिप्टने 'संपलं' असं म्हणू नये, 'अडकलं' म्हणावं आणि शून्य नसलेल्या एक्झिट कोडने (शून्य म्हणजे सगळं ठीक) बाहेर पडावं. थांबण्याची कारणं तीनच ठेवा: संपलं, अडकलं, मर्यादा गाठली. ते कारण फाइलसोबत लिहून ठेवा. मर्यादा, म्हणजे कमाल फेऱ्या किंवा कमाल वेळ, सुरुवातीलाच घाला, कारण काही पानं खरोखरच संपत नाहीत. शिफारशींची यादी जुन्याच नोंदी फिरवून दाखवत राहते.

म्हणूनच मोजणी डॉममधल्या घटकांची नको, वेगवेगळ्या आयडींची हवी. पुढच्या भागात तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

वरून पुसली जाणारी यादी

खूप लांब यादी असेल तर पान दिसणाऱ्या नोंदी आणि आजूबाजूच्या थोड्याच डॉममध्ये ठेवतं. बाकीच्या काढून टाकतं आणि त्यांची जागा पॅडिंगने किंवा ट्रान्सफॉर्मने भरून काढतं. याला व्हर्च्युअल यादी म्हणतात. ओळखायची खूण: हाताने बरंच खाली जा आणि कन्सोलमध्ये नोंदी मोजा. चारशे नोंदी पाहून झाल्यावरही मोजणी तीसच्या आसपास घुटमळत असेल, तर यादी व्हर्च्युअल आहे.

इथे 'आधी सगळं स्क्रोल करू, मग एकदम गोळा करू' हा बेत पूर्ण फसतो. शेवटी हातात फक्त तळाच्या तीस नोंदी राहतात. प्रत्येक पावलानंतर दिसतंय ते गोळा करायचं आणि आयडीची किल्ली असलेल्या डिक्शनरीत टाकायचं. एकच नोंद चार पावलांत चारदा आली तरी बिघडत नाही. उडी इथे वर्ज्य. ती मधल्या नोंदी डॉममध्ये येऊच देत नाही.

आयडी कोणता घ्यायचा? नोंदीचा कायमचा दुवा सर्वांत चांगला, पण प्रश्नचिन्हानंतरचा भाग कापून, अर्थात खरा आयडी त्याच भागात नसेल तरच. माग काढण्यासाठी जोडलेले पॅरामीटर दर वेळी बदलू शकतात. नाहीतर डेटा आयडीसारखं एखादं अ‍ॅट्रिब्यूट. मजकूर किल्ली म्हणून वापरू नका. देवनागरीत डोळ्यांना एकच दिसणारा शब्द आतून वेगळ्या क्रमाचा असू शकतो: नुक्ता वेगळा की जोडलेला, मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आहे की नाही, यावर तुलना फसते. सिलेक्टरसाठीही तेच तारतम्य हवं. यंत्राने तयार केलेली क्लासची नावं साइटच्या पुढच्या बदलाला बदलतात; रोल, एरिया (स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठी दिलेली माहिती) आणि डेटा ही अ‍ॅट्रिब्यूट्स त्यामानाने टिकतात.

एरियाचा आणखी एक फायदा आहे. सुगम्यतेचे नियम पाळणाऱ्या पानांवर अशा यादीला 'फीड' हा रोल आणि प्रत्येक नोंदीला 'एरिया-पॉझिनसेट' म्हणजे तिचा क्रमांक दिलेला असतो. तक्त्यांमध्ये 'एरिया-रोइंडेक्स' असतो. तो क्रमांक सोबत साठवा. १ पासून शेवटपर्यंत क्रमांक सलग आहेत का हे पाहिलं की निसटलेली नोंद नेमकी कोणती ते कळतं.

गप्पांच्या खिडकीसारखी वरच्या दिशेने भरणारी यादी हे आणखी एक प्रकरण. तिथे जुन्या नोंदी वर येतात. स्क्रोलची जागा अगदी शून्यावर असेल तर ब्राउझरचं स्क्रोल अँकरिंग, म्हणजे वर भर पडली तरी दिसणारा मजकूर जागेवर ठेवणं, चालत नाही. नव्या नोंदी वर घुसल्या तरी जागा शून्यच राहते आणि पुढचा इव्हेंट सुटत नाही. थोडं खाली येऊन परत वर जाणं, म्हणजे तोच धक्का उलट दिशेने, इथे प्रत्येक फेरीला लागू शकतो. आणि डब्याला 'कॉलम-रिव्हर्स' लावलेलं असेल तर स्क्रोलटॉपचे आकडे ऋण येतात. शून्य म्हणजे तळ. ते पाहून गोंधळू नका.

लांबचा पल्ला

पन्नास फेऱ्यांना जे चालतं ते पाचशे फेऱ्यांना चालेलच असं नाही. पहिला अडसर वेगाचा. सेलेनियमच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक आज्ञा ब्राउझर चालवणाऱ्या ड्रायव्हरकडे जाणारी एक एचटीटीपी रिक्वेस्ट असते. २००० नोंदींचे पाच-पाच तपशील एकेक करून वाचले तर १०,००० फेऱ्या होतात, आणि मधेच पानाने एखादा घटक बदलला तर 'स्टेल एलिमेंट'ची एरर येते. त्याऐवजी ब्राउझरच्या आत एकच जावास्क्रिप्ट फंक्शन चालवा. ते सगळ्या नोंदींवरून फिरून साध्या मजकुराचा अ‍ॅरे एकदम परत देईल. वेग कैक पटींनी वाढतो आणि ती एररही जाते.

दुसरा मेमरीचा. चित्रं आणि व्हिडिओ साठत जातात आणि काही हजार नोंदींनंतर टॅब कोसळतो. रिक्वेस्ट अडवण्याची सोय वापरून व्हिडिओ आणि फॉन्ट बिनधास्त बंद करा. चित्रांच्या बाबतीत जरा जपून: विटांसारखी मांडणी असलेली काही पानं चित्र उतरल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिथे रिक्वेस्ट तोडण्यापेक्षा एका पिक्सेलचं चित्र उत्तर म्हणून द्या. वाचून झालेल्या नोंदी डॉममधून काढून टाकण्याचा मोह होतो, पण रिअ‍ॅक्टसारख्या फ्रेमवर्कच्या पानावर तो टाळा. फ्रेमवर्क पुढे तोच घटक काढायला जातं, तो सापडत नाही आणि अख्खं पान पांढरं पडू शकतं.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात, क्रोम काही कारण न सांगता कोसळत असेल तर आधी शेअर्ड मेमरी बघा. डॉकर ती ६४ एमबीच देतो आणि क्रोमला ती पुरत नाही. कंटेनर सुरू करताना ती १ जीबी करा.

तिसरा अडसर खिडकी दिसण्या-न दिसण्याचा. स्क्रिप्ट चालू ठेवून खिडकी मिनिमाइज केली की नोंदी येणं थांबतं, आणि वरवर कारण सापडत नाही. इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरची तपासणी पान रंगवण्याच्या टप्प्यात होते; लपलेलं पान ब्राउझर रंगवतच नाही, त्यामुळे पहारेकऱ्याची नोंदही होत नाही. टायमरही संथ होतात: लपलेल्या टॅबमध्ये सेकंदाला एकदा, आणि क्रोम ८८ पासून, पाच मिनिटांहून जास्त लपलेल्या टॅबमध्ये काही परिस्थितीत मिनिटाला एकदाच. हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता, चालवा, नाहीतर खिडकी मोकळी ठेवा. एकाच ब्राउझरमध्ये चार टॅब उघडून चौघांना एकाच वेळी स्क्रोल करू पाहणाऱ्यांची हीच गत होते. वेगवेगळ्या खिडक्या किंवा वेगवेगळ्या प्रोसेस वापरा.

साठवण पहिल्या फेरीपासून करा. दर ओळीला एक जेसन, फाइलच्या शेवटी जोडत जायचं आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर फ्लश करायचं, म्हणजे लिहिलेलं लगेच फाइलमध्ये उतरवायचं. स्क्रिप्ट ४,००० व्या नोंदीवर पडली तरी ४,००० हातात राहतात. पायथनमध्ये लिहिताना जेसनच्या 'एन्शुअर आस्की'ला फॉल्स द्या, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी फाइलमध्ये नुसते संकेतांक दिसतात. प्रत्येक नोंदीसोबत ती उचलल्याची वेळही लिहा. 'दोन तासांपूर्वी'चा अर्थ त्यावाचून लावता येत नाही.

किती जोरात, आणि कुणाच्या परवानगीने

ज्या पानावर हे करायचं त्याच्या वापराच्या अटी आणि रोबोट्स फाइल (स्क्रिप्टनी साइटवर कुठे जावं-न जावं हे सांगणारी) आधी वाचा. त्या फाइलचे संकेत अनेक वर्षं नुसत्या रूढीने चालत होते. २०२२ साली आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने त्यांना प्रमाणित रूप दिलं. अधिकृत एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमना थेट माहिती देणारी साइटचीच सोय, असेल तर स्क्रोलचा हा सगळा खटाटोप नकोच. लॉगिनच्या आतली, इतरांची खासगी माहिती गोळा करणं हा तर वेगळाच आणि गंभीर मामला आहे. तो तंत्राने सुटत नाही.

दोन गठ्ठ्यांमध्ये किमान एक-दोन सेकंद जाऊ द्या. ४२९ हा कोड आला तर त्याचा अर्थ 'फार रिक्वेस्ट झाल्या' असा आहे. सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर असेल तर त्यात थांबायचे सेकंद किंवा नेमकी तारीख-वेळ असते, तेवढं थांबा. नेमकी हीच गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कारण पानावर फक्त फिरणारं चक्र किंवा रिकामी जागा दिसते. धक्के देणारी स्क्रिप्ट अशा वेळी सर्व्हरला आणखी त्रास देते. म्हणून रिस्पॉन्सचे कोड ऐकत राहा आणि ४२९ दिसला तर धक्क्याऐवजी विश्रांती घ्या.

हाती आलेलं तपासताना

ऑफसेटवर चालणाऱ्या यादीत एक गंमतशीर वाटणारी पण महागात पडणारी गोष्ट होते. तुम्ही ६० नोंदी घेतल्यात आणि तेवढ्यात वर एक नवी नोंद आली. सगळ्या एकेक जागा खाली सरकल्या. ६१ पासून पुढचा गठ्ठा मागितला तर पहिलीच नोंद तुमच्याकडे आधीच असलेली. ही दुबार नोंद आयडीमुळे गळून पडते. उलट प्रकार वाईट: वरची एक नोंद कुणी काढून टाकली तर सगळ्या एक जागा वर सरकतात आणि जी आधी ६१वी होती ती आता ६०वी. ती तुम्हाला कधीच मिळत नाही, आणि कुठलाही धक्का किंवा वाट पाहणं ती मिळवून देत नाही. कर्सरवर चालणाऱ्या यादीत हे सहसा होत नाही, म्हणून कोणता प्रकार आहे ते सुरुवातीला टिपायचं.

उपाय एकच: स्क्रिप्ट दोनदा चालवा, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन, आणि दोन्ही फायलींतले आयडी ताडून बघा. फक्त पहिल्या फाइलमध्ये आणि फक्त दुसऱ्या फाइलमध्ये असलेल्या नोंदी वेगळ्या काढा. सुरुवातीच्या टोकाला फरक असेल तर ती नव्या नोंदींची नेहमीची भर. शेवटच्या टोकाला असेल तर दोनपैकी एका वेळी स्क्रिप्ट लवकर थांबली आहे. थांबण्याचं कारण काय लिहिलंय ते बघा. आणि फरक मध्येच, गठ्ठ्याच्या सांध्यापाशी, म्हणजे २०च्या गठ्ठ्यात ६० किंवा ८० च्या आसपास एकेक नोंदीचा असेल, तर तो ऑफसेटचा. दोन्ही फायली आयडीवर एकत्र केल्या की बहुतेक खिंडारं भरून निघतात.